पुतणीचा अर्ज, दादा-वहिनींचे कागद

शिष्यवृत्तीचा अर्ज मुलीच्या नावानं भरला जातो, पण त्यातली निम्मी उत्तरं आईवडिलांकडून काढावी लागतात. वडील काय करतात, पगारदार आहेत का, वर्षाचं उत्पन्न किती, आई काय करते. २०२४ साली माझ्या पुतणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिच्या महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, अर्जासाठी मी दादा-वहिनींबरोबर बसले. विमा कार्यालयात नोकरी असल्यामुळे अर्ज, पुरावे, सह्या हे माझं रोजचंच काम. तरी आपल्याच घरच्या माणसांना हे प्रश्न विचारताना काय होतं, ते मला त्या वेळी कळलं. निकाल लागले की ज्यांच्या दारात कुणीतरी कागदांची पिशवी घेऊन येतं आणि म्हणतं, "तेवढा फॉर्म भरून द्या की," अशा सगळ्या आत्या-मावश्यांसाठी, काकांसाठी, शेजाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

दादा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणतो. वहिनी विड्या वळते. राहतात कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात. आमची आईही विड्याच वळायची. २००६ साली तिथं विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली, त्यातलं एक तिचं. आई आता नाही, पण विजेचं बिल अजून तिच्याच नावानं येतं. पुतणी त्याच घरात वाढली, विज्ञान शाखेतून बारावी झाली, सीईटी दिली आणि केंद्रीय प्रवेश फेरीतून तिला सोलापुरातल्याच एका खासगी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सची जागा मिळाली. आमच्या घरातली ती पहिली इंजिनिअर होणार.

त्या वर्षी एक मोठी गोष्ट घडली होती. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारनं निर्णय काढला, की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी आम्हा ओबीसींना निम्मी सवलत होती. निम्मं शुल्क आणि पूर्ण माफी यांत आमच्यासारख्या घरात फार अंतर पडतं. निम्मं भरायचं असतं तर दादानं तिला बी.एस्सी.ला घातलं असतं, आणि तसं तो बोललाही होता.

पण या माफीला अटी आहेत आणि त्या प्रवेश घेण्याआधी माहीत असाव्या लागतात. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की माफी गेली. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यात बसत नाहीत. दादाच्या कारखान्यातल्या एकानं त्याला सल्ला दिला होता, "इलेक्ट्रॉनिक्स कशाला घेतोस, थोडे पैसे भर आणि कोट्यातून कॉम्प्युटर घे, पोरीला नोकरी लागंल." सल्ला प्रेमानं दिलेला होता आणि दादा दोन रात्री त्याच विचारात होता. मी त्याला शासन निर्णयाचा कागद वाचून दाखवला. चार वर्षांचं शुल्क एका बाजूला आणि शाखेचं नाव एका बाजूला असं मांडलं. काय निवडायचं ते मी सांगितलं नाही. पुतणी म्हणाली, इलेक्ट्रॉनिक्स तिला आवडतं. मग विषय संपला. माझं ठाम मत आहे की मदत खरं तर इथंच सुरू होते. अर्ज पुढं दोन महिन्यांनी येतो, पण माफी मिळणार की नाही हे प्रवेशाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

महाविद्यालयात गेलो तर खिडकीवर शिक्षण शुल्काचा पहिला हप्ता मागितला. "शिष्यवृत्ती आली की परत मिळेल," असं उत्तर. निर्णय नवा होता, गोंधळ सगळीकडंच होता, हे मान्य. पण पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नका असं सरकारनं महाविद्यालयांना बजावलेलं होतं. मी कागद पुढं केला आणि प्राचार्यांना भेटायचं आहे असं शांतपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हप्ता बाजूला ठेवला. विकास शुल्क आणि इतर किरकोळ रकमा मात्र भराव्याच लागल्या, त्या माफीत येत नाहीत. वहिनीची भिशी त्या महिन्यात लागायची नव्हती. तिनं भिशीतल्या दुसऱ्या बाईशी नंबर बदलून घेतला आणि पैसे उभे केले. शंभर टक्के माफी म्हटलं की घरच्यांना वाटतं आता एक रुपया लागणार नाही. तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवावं की काही रक्कम हाताशी लागेल. नाही तर खिडकीवर उभं राहिल्यावर बापाचा चेहरा पाहवत नाही.

अर्जाची पहिली अडचण ओटीपी. पुतणीच्या आधारला दादाचा जुना नंबर जोडलेला होता आणि ते सिम कधीच बंद झालेलं. आधारचा मोबाईल नंबर तेव्हा घरबसल्या बदलत नव्हता, केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागायचे. तिचा नंबर तिच्याच नावानं जोडून घेतला. वहिनी सोबत आली होती, म्हणाली माझंही बघा. तर तिचे ठसेच उमटेनात. वर्षानुवर्षं तेंदूपत्ता कापून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानातल्या मशीनवरही तिला हाच त्रास होतो, मागची माणसं खोळंबतात आणि ती ओशाळते. केंद्रावरच्या मुलानं मात्र चांगुलपणानं तिचे हात पुसून घेतले, एकेक बोट लावून पाहिलं आणि शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून काम भागवलं. "हात खराब झालेत माझे," असं ती त्याला म्हणाली. मला ते वाक्य आवडलं नाही. त्या हातांच्या कमाईवरच तर पोरगी इथवर आली.

मग उत्पन्नाचा दाखला. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, म्हणजे तलाठ्याचा अहवाल, मग सेतू म्हणजे सरकारी दाखल्यांचं केंद्र, मग तहसीलदारांची सही. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते आणि सेतूत पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या बायकांना उत्पन्नाचा दाखला लागणार नाही असं पुढं जाहीर झालं, पण तोवर गर्दी उसळलेलीच होती. तेवढ्यात एसईबीसीच्या दाखल्यांसाठी आलेली पोरंही त्याच रांगेत. वहिनी पहाटे स्वयंपाक करून रांगेत जाऊन बसायची, दादाची रात्रपाळी संपली की तो येऊन तिला सोडवायचा.

रांगेपेक्षा अवघड होतं ते आकडा लिहिणं. दाखल्यासाठीच्या स्वयंघोषणापत्रात आपलं उत्पन्न आपणच लिहून खाली सही करायची असते. बाहेर टेबल टाकून बसलेल्या लेखनिकानं दादाला काही विचारलंच नाही. "चाळीस हजार टाकतो, सगळे तेवढंच टाकतात," म्हणाला. दादा मान डोलावणार, तेवढ्यात मी कागद काढून घेतला. म्हटलं, घरी लिहू, उद्या देऊ.

त्या रात्री घरकुलातल्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो. वहिनीच्या मांडीवर सूप, त्यात कापलेला पत्ता आणि तंबाखू, हात चालूच. दादानं आपल्या कमाईचा हिशेब मुलीसमोर कधी मांडलेला नव्हता. बापानं किती कमावलं हे आमच्याकडं पोरांना सांगायची पद्धत नाही. पैसे नाहीत एवढंच सांगतात. तो आधी चाचरत बोलला. नगावर मजुरी, आठवड्याला रोख. सूत आलं नाही, माग बिघडला, वीज गेली, की तेवढे दिवस कोरडे. दिवाळीला बोनस. उन्हाळ्यात मालाला उठाव नसला की पाळ्या कमी होतात. वहिनीनं हजार विड्यांचा दर सांगितला, छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती जाते ते सांगितलं, पत्ता कमी मिळतो त्या दिवसांचं सांगितलं. पुतणी वहीत लिहीत गेली. बरीच खोडाखोड करून वर्षाची बेरीज आली ती दोन लाखांच्या आत.

दादा आकड्याकडं बघत राहिला. "एवढं येतंय व्हय वर्षाला? मग जातंय कुठं?"

"तुमच्या पोरांत जातंय," वहिनी म्हणाली.

मर्यादा आठ लाखांची आहे. दोन लाखांच्या आतल्या माणसानं चाळीस हजार लिहिण्यात काडीचाही फायदा नाही आणि धोका मात्र आहे. ओबीसी सवलतीसाठीच्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्याला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, शिष्यवृत्तीला दाखला, पुढं कधी शैक्षणिक कर्ज काढायचं झालं तर बँकेत पुन्हा उत्पन्न. ठिकठिकाणी वेगवेगळे आकडे पडले की उद्या उत्तर द्यायला मुलगीच उभी राहणार. पण मला त्याहून मोठं कारण वाटत होतं. दादानं खरा आकडा लिहिला तेव्हा त्या रकमेत त्याच्या रात्रपाळ्या होत्या. चाळीस हजार लिहिले असते तर त्यातल्या बहुतेक पुसल्या गेल्या असत्या. त्यानं स्वतःच्या अक्षरात रक्कम लिहिली आणि सही केली. स्वयंघोषणापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. २०१५ पासून प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालतं, तरी बाहेर बसलेले लोक स्टॅम्प घ्यायला लावतात. हे प्रत्येकाला सांगा. आम्ही तीन वर्षांचा दाखला काढला, त्यामुळं प्रांत कार्यालयातल्या नॉन-क्रिमिलेअरला तोच पुरला.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र तिच्या कनिष्ठ महाविद्यालयानं अकरावीतच करायला लावलं होतं. त्या सरांचे उपकार आहेत. ज्यांच्या मुली आत्ता अकरावीत आहेत त्यांनी हे काम बारावीवर ढकलू नये, एवढंच सांगते.

अर्ज भरायला नेट कॅफेत जायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. कॅफेवाले वाईट नसतात, पण घाईत असतात. स्वतःचा मोबाईल नंबर टाकतात, पासवर्ड स्वतःच ठेवतात, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी मुलाला स्वतःच्या अर्जात शिरता येत नाही. असे कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत. माझा लॅपटॉप घेऊन मी रविवारी कुंभारीला गेले. युजर आयडी पुतणीनं ठरवला, पासवर्ड तिनंच टाकला. वहिनीच्या भिशीच्या वहीत शेवटच्या पानावर तो लिहून ठेवला. ती वही घरातून कधी हरवत नाही.

पोर्टल मराठीत उघडतं. एकेक प्रश्न मी मोठ्यानं वाचला आणि तो कशासाठी विचारला आहे ते सांगितलं. मग उत्तर त्यांच्याकडून आलं की पुतणी टाइप करायची. असं केलं की वेळ लागतो. एकटीनं भरला असता तर तासाभरात झाला असता. पण ज्याची माहिती आहे त्याला ती आपल्या नावानं कुठं चालली आहे हे कळायला नको का? बँकेचा, आधारचा, उत्पन्नाचा सगळा तपशील आपण देतो. आईबाप अडाणी आहेत म्हणून त्यांना बाजूला बसवून अर्ज भरणं मला पटत नाही. दादा सातवी शिकला, वहिनी नववी. दोघांनाही सगळं कळत होतं, फक्त कुणी विचारायला हवं होतं.

"वडील पगारदार आहेत का?" इथं गाडी अडली.

"पगार मिळतो की दर आठवड्याला," दादा म्हणाला.

मी विचारलं, नेमणुकीचं पत्र आहे? नाही. पगारपत्रक? नाही. पीएफ? नाही. वीसेक वर्षं एकाच कारखान्यात माग चालवलेला माणूस, सोलापूरचा टॉवेल ज्याच्या हातून देशभर गेला, त्याच्याकडं आपण तिथं काम करतो असं म्हणायला कागदाचा कपटा नव्हता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही लिही."

वहिनी उठली आणि आतून पत्र्याची पेटी घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं विडी कामगाराचं ओळखपत्र, लॉगबुक, पीएफच्या पावत्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणारीलाही कामगारच मानलं होतं. या शहरातल्या विडी कामगार बायकांनी लाल झेंड्याखाली किती मोर्चे काढले, ते मी लहानपणी आईचा पदर धरून पाहिलंय. त्याचं फळ असं पेटीत घडी करून ठेवलेलं होतं. घरात बसून काम करणाऱ्या बाईकडं कागद होते आणि कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्या दादाकडं एकही नव्हता. मला वाटलं होतं नेमकं उलट असेल.

आईच्या व्यवसायाचा रकाना आला तेव्हा पुतणी सवयीनं गृहिणी टाकायला लागली. अकरावीच्या प्रवेशात कॅफेवाल्यानं तसंच भरलं होतं. वहिनीनं विडी वळता वळता मान वर केली. "गृहिणी काय लिहिलालीस? मी कामगार हाय. कार्ड हाय माझं." तिथं तसंच भरलं.

त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला. वहिनी विड्या जमा करते त्या ब्रँचमधल्या बायकांनी तिला सांगितलं होतं की विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारकडून पंचवीस हजार मिळतात. ते खरं आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाची ती योजना आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो, पहिलीतल्या मुलाला वर्षाला १,००० पासून व्यावसायिक पदवीला २५,००० पर्यंत मदत मिळते. कामगाराचं काम किमान सहा महिन्यांचं असावं लागतं आणि ओळखपत्र लागतं. पण एक विद्यार्थी दोन्हीकडून लाभ घेऊ शकत नाही. वहिनीला हे पटेना. "एक पोरीच्या बापाकडून, एक आईकडून," असा तिचा हिशेब होता, आणि माणूस म्हणून पाहिलं तर तो चुकीचाही नाही. पुतणीच्या महाविद्यालयाचं शिक्षण शुल्क पंचवीस हजारांच्या कितीतरी वर होतं, त्यामुळं तिच्यासाठी महाडीबीटीच बरोबर. विडी कामगारांची शिष्यवृत्ती धाकट्यासाठी घ्यायची ठरली. तो नववीत होता, नववी-दहावीला वर्षाला २,००० मिळतात. रक्कम लहान वाटेल, पण त्याच्या वह्या-पुस्तकांचं त्यात भागतं आणि ती आईच्या कामामुळं येते याचं वहिनीला फार अप्रूप आहे. त्या अर्जात एक अडचण आलीच. ओळखपत्रावर तिचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्नाआधीपासून विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांचं असंच असतं. अर्जाच्या तोंडावर जाग येण्यापेक्षा आधीच विडी कारखान्याच्या कार्यालयातून नाव दुरुस्त करून घ्यावं. वहिनीला ते करून घ्यायला बऱ्याच चकरा पडल्या.

महाडीबीटीसाठी कागद चढवताना प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत लागते. फोनवर काढलेला फोटो त्याहून मोठा असतो, तो लहान केला की अक्षरं पुसट होतात. मी सगळं स्कॅन करून घेतलं आणि दादाला एकेक कागद वाचायला लावला. त्याला वाचता आला तर खिडकीतल्या माणसालाही येणार. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जात, वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्न, शिधापत्रिका, केंद्रीय फेरीतलं जागावाटपाचं पत्र, शुल्काची पावती. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक अचूक टाकावा लागतो, तिथं घाई करू नये.

आता बँकेचं खातं. यात वहिनी आम्हा सगळ्यांच्या पुढं होती. ऑगस्टमध्ये लाडकी बहिणीचे पहिले दोन हप्ते, तीन हजार रुपये, आले तेव्हा तिच्या नेहमीच्या खात्यात काहीच दिसलं नव्हतं. ती घाबरली. शेवटी कळलं की पैसे कधीकाळी काढलेल्या जनधन खात्यात जमा झालेत, कारण आधार त्याच खात्याला जोडलेलं होतं. सरकारी थेट लाभाची रक्कम आपण सांगू त्या खात्यात जातेच असं नाही, जे खातं शेवटी आधारशी संलग्न झालं तिथं जाते. हे मी तिला सांगायच्या आधी तिनंच मला सांगितलं, "वन्सं, पोरीचं आधार कुठल्या बँकेला हाय ते आधी बघा." आधारच्या संकेतस्थळावर बघितलं. शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी काढलेल्या खात्याशी जोडणी होती आणि ते खातं वर्षानुवर्षं व्यवहार नसल्यामुळं बंद पडलेलं. वहिनी स्वतः पोरीला घेऊन बँकेत गेली, नवं खातं काढलं, आधार जोडणीचा वेगळा अर्ज भरून दिला. पोचही मागून घेतली. केवायसीला आधार दिलं म्हणजे लाभासाठीची जोडणी झाली असं नाही, हे तिला बायकांच्या त्या गर्दीत उभं राहून पक्कं कळलं होतं. थोड्या दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा नव्या बँकेचं नाव दिसलं, त्यानंतरच आम्ही अर्ज पाठवला.

अर्ज पाठवणं म्हणजे शेवट नव्हे. तो आधी महाविद्यालयातल्या लिपिकाकडं जातो, तिथून प्राचार्यांकडं, तिथून विभागाकडं. कुठंही कमी आढळली की परत येतो. आमचाही आला. शिधापत्रिकेच्या ज्या पानावर कुटुंबातली नावं आहेत तेही हवं होतं. परत आलेला अर्ज पाहून दादा खचला. त्याला वाटलं नामंजूर झाला, आता सगळं शुल्क भरावं लागणार. परत पाठवणं आणि नाकारणं यात फरक आहे, दुरुस्त करून तो पुन्हा पाठवता येतो, हे आधीच समजावून ठेवलं पाहिजे. खरी भीती वेगळी आहे. अर्ज परत आलाय हे कुणी बघितलंच नाही आणि मुदत निघून गेली, तर खरंच हातचं जातं. म्हणून पुतणीला सवय लावली की दर शनिवारी आत शिरून स्थिती बघायची आणि आईला सांगायची. अर्जाची छापील प्रत आणि कागदांचा संच शिष्यवृत्ती विभागात देऊन पोच घेतली. तिथले लिपिक भले गृहस्थ होते. एकट्याच्या टेबलावर शेकडो अर्ज, तरी त्यांनी वहिनीला खुर्ची दिली.

मंजुरी आली तेव्हा पुतणीनं मला फोन केला. शिक्षण शुल्काचा प्रश्न त्या वर्षापुरता मिटला होता. त्या वर्षापुरता, हे महत्त्वाचं. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चपर्यंत असते, ती संपलेली असली की पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू. २०२५ मध्ये दादानं गर्दी सुरू व्हायच्या आत दाखला काढून आणला. मला विचारलंही नाही. रक्कम त्यानंच लिहिली होती, मागच्या वर्षीपेक्षा थोडी जास्त, कारण वहिनीचा दर वाढला होता. अर्ज मायलेकींनीच भरला, एका शब्दाला अडल्या तेव्हा मला फोन केला.

दादाच्या मनातून मात्र तो "नाही" गेला नव्हता. एकदा तो माझ्याकडं सात रस्त्याला आला आणि म्हणाला, "माझाबी एखादा कागद व्हईल का गं?" पीएफ किंवा ईएसआय नसलेल्या असंघटित कामगारांसाठी ई-श्रम कार्ड आहे, २०२१ पासून. ते आम्ही काढलं. व्यवसाय निवडायचा रकाना आला तेव्हा त्यानं लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला आणि यादी वर-खाली करत यंत्रमागाचं काम शोधून काढलं. कारखान्याकडून कामाचं पत्र मिळावं म्हणून तो आणि त्याच्या पाळीतले चौघे-पाच जण आता युनियनच्या कार्यालयात जाऊन आलेत. तिथं पीएफचाही विषय निघाला आहे, पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.